तार षड्ज आणि तुर्भ्याचा पत्रा

लोकांचे नवरे निवृत्ती जवळ आली की देवधर्माला लागतात, शेअर बाजारात हात पोळून घेतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून पार्किंगवरून भांडतात. माझ्या नवऱ्याने स्पीकर बांधायला घेतले. साधे खोक्याचे स्पीकर नव्हेत, ते काय कोणीही बांधतं. त्याने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बांधायला घेतले. ज्यांना हा शब्द माहीत नाही ते सुखी लोक आहेत. पण पुढचं कळायला हवं असेल तर त्यांना थोडं दुःख सोसावं लागेल.

दाराएवढे उंच, भोकाभोकांचे दोन पत्रे एकमेकांसमोर उभे करायचे. त्यांच्यामध्ये प्लास्टिकची एक पातळ फिल्म ताणून बसवायची, इतकी पातळ की फुंकर मारली तरी थरथरते. तिच्यावर तीन-चार हजार व्होल्ट चढवून ठेवायचे आणि पत्र्यांना गाण्याचा करंट द्यायचा. मग फिल्म पुढेमागे हलते आणि गाणं वाजतं. असा एक डावा, एक उजवा. "यात हलणारं वजनच नाही," असं नवरा डोळे मिटून सांगतो. वजन नसेलही, पण आमच्या खांदेश्वरच्या हॉलमधली दिवाण आणि टीव्ही यांच्यामधली सगळी जागा त्या वजन नसलेल्या वस्तूने खाल्ली. बाकीच्या बायकांचे नवरे गजरे आणतात. माझ्या नवऱ्याने हाय व्होल्टेज आणलं आणि चालू असताना हात लावू नकोस म्हणून बजावलं.

हे सगळं त्याने माझ्यासाठी केलं, हा यातला सगळ्यात अवघड भाग.

कॉलेजात असताना मी गाणं शिकत होते. बरी गात होते, निदान आमच्या बाई तरी तसं म्हणायच्या, आणि त्या सहसा कोणालाच बरं म्हणत नसत. कॉलनीतल्या गणपतीत माझं गाणं ठेवलं होतं. मामाने नवीनच टेपरेकॉर्डर घेतला होता, त्यावर त्याने ते टेप केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरातले सगळे ऐकायला बसले. सुरुवात ठीक झाली. मग मी तार षड्जावर गेले, म्हणजे वरच्या 'सा'वर, आणि आत्या मटार सोलता सोलता म्हणाली, "पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटतंय गं." वडील म्हणाले टेपच खराब असेल. आई कुकर लावायला उठली. मी पण ऐकत होते, आणि मलाही पत्राच ऐकू आला. त्या सोमवारी मी क्लासला गेले नाही, त्यानंतरही गेले नाही, आणि का जात नाहीस असं घरात कोणी विचारलं नाही. आमच्यासारख्या घरांत मुलींचं गाणं असंच बंद होतं. कोणी बंदी घालत नाही, त्यामुळे रागवायचं कोणावर हेसुद्धा कळत नाही.

मग नेहमीचं सगळं झालं. बँकेची परीक्षा, नोकरी, कांदेपोहे. छंद विचारला तेव्हा मी 'वाचन' म्हणून मोकळी झाले. लग्नानंतर नवऱ्यासमोर मी कधी गुणगुणलेसुद्धा नाही, गणपतीच्या आरतीला नुसते ओठ हलवायची. ती कॅसेट मात्र फेकवली नव्हती. तुर्भ्याच्या भाड्याच्या घरातून इकडे सामान हलवताना ती साड्यांच्या खालून निघाली आणि नवऱ्याच्या हाती लागली. मी बँकेत असताना त्याने ती ऐकली. संध्याकाळी घरी आले तर तो दारातच उभा. म्हणाला, "तुझ्या आवाजात काही दोष नाही. दोष वाजवणाऱ्या यंत्रात आहे."

इथे सांगायला हवं की माझ्या नवऱ्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. भूप आणि भैरवी त्याला सारखेच, दोन्ही चालू असताना तो पेपर वाचू शकतो. तो महाप्याला वजनकाटे तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. बाजारातले व्यापारी तक्रार करतात की पोतं कमी भरलं, हमालाने माल काढला. हा तिथे जातो आणि माणसांकडे बघतही नाही, आधी काटा तपासतो. बऱ्याच वेळा काटाच चुकीचा निघतो. त्यामुळे त्याची अशी पक्की श्रद्धा झाली आहे की जगात माल कधी खोटा नसतो, काटे खोटे असतात. माझ्या तार षड्जाला त्याने हाच नियम लावला. मामाचा टेपरेकॉर्डर स्वस्तातला, आमचा जुना डेक त्याहून वाईट, मग आवाज खराब आहे हे ठरवलं कोणी? काटा बदला, वजन बरोबर येईल. आणि त्याने इंटरनेटवर कुठेतरी वाचलं होतं की माणसाच्या आवाजासाठी इलेक्ट्रोस्टॅटिकसारखा काटा नाही.

पत्रे तुर्भ्याला एका गाळ्यात मिळाले. तिथे असे पत्रे धान्य चाळायच्या यंत्रांसाठी जातात. गाळेवाल्याने विचारलं, गहू का तांदूळ? नवरा म्हणाला, गाणं. गाळेवाल्याने पुढे काही विचारलं नाही आणि गव्हाचे दिले. फिल्म ताणायला नवऱ्याने डायनिंग टेबलाभोवती सायकलची ट्यूब लावली, फिल्म तिच्यावर चिकटवली आणि पंपाने ट्यूबमध्ये हवा भरली. ट्यूब फुगते तशी फिल्म चारी बाजूंनी सारखी ताणली जाते. हे बघायला मला आवडलं, खोटं कशाला सांगू. मात्र तोवर आम्ही दिवाणावर बसून, ताटं मांडीवर घेऊन जेवलो. 'तोवर' हा शब्द आमच्या घरात फार लांबतो.

शेवटी एका रविवारी स्पीकर वाजले. एका नावाजलेल्या गायिकेचं गाणं लावलं. खालच्या सुरांत असं काही सुंदर वाजलं की माझा हात कणकेतच थांबला. बाई समोर बसून गात आहेत असं वाटलं. मग त्या वर गेल्या आणि आमच्या हॉलमध्ये पत्र्यावर खिळा ओढला गेला.

नवऱ्याचा चेहरा पडला. माझं काय झालं ते मी त्याला सांगितलं नाही, इथे सांगते. मला फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या गायिका, आणि आमच्या हॉलमध्ये त्यांची गत माझ्यासारखीच. मग त्याने माझी टेप लावली. झिजू नये म्हणून त्याने ती आधीच लॅपटॉपवर चढवून ठेवली होती. तीही तशीच किंचाळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे स्पीकर असे खराब आहेत तोवर माझ्या आवाजाला संशयाचा फायदा मिळत राहणार. ज्या दिवशी हे सुधारतील त्या दिवशी निकाल लागेल. तो माझ्या बाजूने लागेल यावर फक्त एका माणसाचा विश्वास होता, आणि त्याला सूर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्यामुळे त्याच्या दुरुस्तीकडे मी जेवढ्या मायेने बघतेय असं दिसायचं तेवढी माया माझ्या मनात नव्हती. दुरुस्ती फसली की मी चहा जास्त चांगला करायची.

फसायला भरपूर वाव होता. आधी अ‍ॅम्प्लिफायर दोषी ठरला. दुसरा आला, तोही किंचाळला. मग खोली दोषी ठरली. खाली चकचकीत टाइल्स, समोर काचेची शोकेस, बाजूला सरकत्या काचांची खिडकी, यांवर आदळून वरचे सूर टोचतात असं कुठल्या तरी परदेशी गृहस्थाने लिहिलं होतं. इंटरनेटवर स्पीकर बांधणाऱ्यांचा एक फोरम आहे, माझा नवरा तिथे पडीक असतो, आणि तिथे असे बरेच गृहस्थ आहेत. ते रात्रंदिवस एकमेकांना ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचा जोर, कसा कमी करावा ते सांगतात, आणि त्यांच्या बायकांचा उल्लेख फक्त 'विरोध' या सदरात येतो. त्यांच्या सल्ल्याने शोकेसवर चादर आली, खिडकीवर गोधडी आली, टाइल्सवर जाजम आलं. कपाटातलं एकही अंथरूण कपाटात राहिलं नाही. ट्रेबल जागच्या जागी होता, फक्त आता तो लाँड्रीतून आल्यासारखा वाटत होता.

मग कळलं की असल्या मोठ्या सपाट स्पीकरचा वरचा सूर टॉर्चच्या उजेडासारखा सरळ एका रेषेत जातो. म्हणजे ऐकायची खुर्ची एकच. त्या खुर्चीत बसलात तर सूर थेट कपाळावर, तिच्यातून हललात तर गाणं ब्लँकेटमधून. घरात कोणी पाहुणे आले आणि चुकून स्पीकरची चौकशी केली तर ते एकामागे एक असे बसायचे, बसच्या रांगेतल्यासारखे, आणि एकमेकांच्या टकलांवरून ऐकायचे. नवऱ्याने पुढच्या खुर्चीत मला बसवलं. आरोपीला जसं समोर बसवतात तसं.

नंतर लॅमिंग्टन रोडवरून करंट अडवणारे रेझिस्टन्स आले, मोठे, लहान, पांढरे, हिरवे. स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरच्या आधी एक लावला, मग नंतर एक लावला, मग दोन्हीकडे लावले. ट्रेबल थोडा खाली आला, पण किंचाळणं तेच राहिलं, हळू आवाजातलं किंचाळणं. खालच्या मजल्यावरच्या काकू एक दिवस जिन्यात भेटल्या. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं, आता खालचे गाळे आणि फ्लॅट त्यांचे आहेत, त्यामुळे त्यांना कोणालाही काहीही विचारायचा हक्क आहे. त्यांनी विचारलं, "गो, तुझे घरान पत्रा कापतंय का कोन? माजे कानान शिट्टी वाजतं हाय." मी म्हटलं, नाही काकू, गाणं लावलंय. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी आत्याची म्हणून ओळखते.

असं वर्ष गेलं. मी सुखात होते. खटला चालू होता आणि तारखा पडत होत्या.

मग दसरा आला. आमच्याकडे, म्हणजे सासरी साताऱ्याला, दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारा-अवजारांची पूजा होते. कोयते, विळ्या, पूर्वी नांगरसुद्धा. आता इथे नांगर कुठला, म्हणून मी स्कूटरची, मिक्सरची, लॅपटॉपची, नवऱ्याच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या डब्याची पूजा करते. हळदीकुंकू, फूल, अक्षता. नवरा तेव्हा महाप्याला गेला होता, कारण कंपनीतही काट्यांची पूजा होती. घरात सगळ्यांची पूजा झाली आणि ते काळ्या पत्र्यांचे दोन स्पीकर तसेच उभे होते. घरातल्या सगळ्यात महागड्या अवजाराला दसऱ्याला तसंच ठेवणं मला बरं दिसेना. हात लावायचा नाही हे मला पाठ होतं, म्हणून लग्नात अक्षता टाकतात तसं लांबून टाकलं. काळ्या पत्र्यावर कुंकू दिसेना म्हणून चिमटीऐवजी मूठभर घेतलं. हळदही घेतली. भक्तीने केलं, यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. फिल्म चार्ज व्हायला वेळ लागतो म्हणून नवरा त्यांचं बटण कधी बंद करत नसे. म्हणजे तीन-चार हजार व्होल्ट कायम चढलेले. असली फिल्म हवेतली धूळसुद्धा ओढून घेते. माझं कुंकू भोकांतून आत गेलं आणि त्यातलं बरंचसं खाली पडण्याऐवजी फिल्मला जाऊन बसलं.

संध्याकाळी नवऱ्याने मोठ्या उत्साहाने गाणं लावलं. फोडणीत मोहरी तडतडावी तसा स्पीकर तडतडला आणि मग फुसफुसत राहिला. नवऱ्याने टॉर्च घेऊन आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग सोन्याच्या पानांकडे, मग हळदीकुंकवाच्या पंचपाळाकडे. तो रागावला असता तर मी भांडण्याची तयारी ठेवली होती. तो फक्त म्हणाला, "दोन्हीला टाकलंस?" मी म्हटलं, एकालाच टाकलं असतं तर दुसऱ्याने काय पाप केलं होतं. त्याने मान डोलावली.

दोन्ही स्पीकर खोलावे लागले. लाल ठिपक्यांची फिल्म पुसता येत नव्हती, काढून टाकायला हवी होती, म्हणजे पुन्हा सायकलची ट्यूब आणि पुन्हा मांडीवर ताटं. पुढच्या रविवारी मी पोळ्यांची कणीक मळत होते आणि तो हॉलमध्ये पत्रे सुटे करत होता. एक पत्रा त्याच्या हातातून निसटला आणि टेबलाच्या कडेवर आपटला.

तो आवाज ऐकला आणि मी कणकेच्या हाताने बाहेर आले.

"परत पाडा," मी म्हटलं.

नवऱ्याला वाटलं मी टोमणा मारतेय, कारण बहुतेक वेळा मी तेच करत असते. तो सॉरी म्हणाला. मी पुन्हा म्हटलं की पत्रा परत पाडा, तसाच, कडेवर. त्याने पाडला. पत्रा घुमला आणि घुमत राहिला. ताट पडल्यावर जसं बराच वेळ वाजत राहतं तसा. आणि तो सूर मी ओळखत होते. काळी चारचा, म्हणजे मी ज्या पट्टीत गायचे तिचा तार षड्ज, किंवा त्याच्या इतक्या जवळचा की वेगळा म्हणायला नको. माझ्या टेपमध्ये आणि त्या मोठ्या गायिकेच्या गाण्यातही जो किंचाळत होता तो हाच. गाणं त्या उंचीवर गेलं की फिल्म बरोबर गात होती आणि तिच्याबरोबर गव्हाचा पत्राही गात होता.

मी काय केलं हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. वर्षभर ज्या निकालाला मी टाळत होते तो माझ्याच कानाने मी जवळ आणून ठेवला. पण सांगून झालं होतं. आणि खरं म्हणजे कानाला कळलं की तोंडाला राहवत नाही, ही खोड बाईंनी लावलेली, ती गाणं सोडल्यावरही गेली नव्हती.

नवऱ्याने पत्र्याला कान लावला, बोटांनी टकटक केली, आणि एकदम हसायला लागला. सगळं तपासलं, खोली तपासली, परदेशातल्या लोकांना विचारलं, आणि पत्रा वाजवून पाहायचं राहूनच गेलं. त्याने सायकलची जुनी ट्यूब कापली, तिच्या पट्ट्या पत्र्याच्या मागे आडव्यातिडव्या चिकटवल्या. मग टकटक केल्यावर पत्रा लाकडी पाटासारखा बोथट वाजू लागला. नवी फिल्म चढली, सगळं जागेवर बसलं. कुंकवाबद्दल माझे आभार मानावे की नाही हे त्याला कळत नव्हतं. मी सांगितलं, देवीचे मानले तरी चालतील.

पुन्हा त्या गायिका लागल्या. खाली सुंदर, मध्ये सुंदर, आणि मग त्या वर गेल्या. काही किंचाळलं नाही. दूध ओतावं तसा सूर वर गेला आणि तिथे थांबला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं आधी जेवून घेऊ. जेवण झालं. मी म्हटलं भांडी घासून घेते. मी भांडी घासली, ओटा पुसला, ओटा परत पुसला. मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी हात पुसले आणि त्या एकुलत्या एक खुर्चीत जाऊन बसले.

तंबोरा सुरू झाला. मागे मांडवातली माणसं, कुणाचं तरी खोकणं, एक लहान मूल. मग मुलगी गायला लागली. इतकी स्पष्ट की तिचा श्वास ऐकू येत होता. आवाज चांगला होता. मी खोट्या विनयाने लिहीत नाही, खोट्या अभिमानानेही नाही. चांगला होता. थोडा पातळ, पण स्वच्छ. ती वर निघाली. माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट बसले होते. ती तार षड्जावर पोचली.

आवाज कर्कश नव्हता. पत्रा नव्हता, खिळा नव्हता. पण ती चढली होती. तंबोऱ्याचा षड्ज जिथे होता तिथून तिचा षड्ज केसभर वर होता. घाबरलेली मुलगी वरच्या सुरावर जाताना जोर लावते, आणि जोर लावला की सूर चढतो. बाईंनी मला हे क्लासच्या पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. त्या मुलीला एवढंच हवं होतं की सोमवारी कोणीतरी समोर बसवून म्हणावं, जोर लावू नकोस, परत म्हण. कर्कश आवाजावर औषध नसतं, म्हणून मी गाणं सोडलं. चढलेल्या सुरावर तर महिन्याभराचा रियाज पुरतो.

नवरा म्हणाला, "वर अजून काहीतरी खटकतंय. एखादी पट्टी सुटली असेल." आणि तो स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागला.

"राहू द्या," मी म्हटलं. "स्पीकर बरोबर आहेत. मी चढले होते."

तो थांबला, पण हार मानायचा त्याचा स्वभाव नाही. म्हणाला की मामाचा टेपरेकॉर्डर थोडा वेगाने फिरत असेल, टेप वेगाने फिरली की सूर वर जातो. वर्षभरात या माणसाने काय काय वाचलं होतं. माझ्या बाजूने उभं राहायला त्याच्याकडे एवढं एकच कारण उरलं होतं, आणि ते मी मान्य केलं असतं तर त्याने आनंदाने आणखी वर्षभर मामाच्या टेपरेकॉर्डरचा वेग मोजला असता.

मी म्हटलं, "मग तंबोरापण चढला असता. तंबोरा जागेवर आहे. ऐका."

त्याने पुन्हा लावून ऐकलं, डोळे मिटून. तंबोरा, मग मुलगी, मग तंबोरा. त्याला सूर कळत नाही, पण दोन गोष्टी शेजारी ठेवून कमी-जास्त ओळखणं हेच तर त्याचं आयुष्यभराचं काम. हळूहळू त्याचा चेहरा बदलला. त्याला ऐकू आलं. मी रडले. मला त्या मुलीचा इतका राग आला आणि तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की दोन्ही एकदम सोसवेना. आत्याचाही राग आला, आईच्या कुकरचाही, आणि जे कधी चौकशीला आलेच नाहीत त्या सगळ्यांचा. नवरा माझ्या शेजारी जाजमावर बसून राहिला. असल्या वेळी काय बोलावं हे त्याच्या फोरमवर लिहिलेलं नसतं.

मग तो म्हणाला, "हे जुनं वजन झालं. आत्ताचं किती भरतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी त्याला वेड लागलंय का विचारलं. एवढ्या वर्षांत याने माझा सूर ऐकला नाही, तो आता ऐकायचा? तो म्हणाला, काटा बरोबर आहे हे नक्की झालं, मग तो नुसता उभा ठेवायचा काय? तंबोरा कुठून आणायचा, असं त्यानेच विचारलं. मी फोन काढला. तंबोऱ्याचं अ‍ॅप माझ्या फोनमध्ये होतं. ते केव्हापासून आहे हे त्याने विचारलं नाही, आणि यासाठी मी त्याची सगळी अंथरुणं माफ केली. त्याने फोन स्पीकरला जोडला. पंखा बंद केला, खिडकीवरची गोधडी सारखी केली. काळी चारचा तंबोरा हॉलभर पसरला, इतका खरा की खोलीत कोणीतरी बसून छेडतंय असं वाटलं.

मी सा लावला. आवाज गंजलेला, जाड, मधेच फाटणारा. बँकेत आयुष्यभर टोकन नंबर पुकारले होते, दुसरं काय होणार. पण सा लागला. मग रे, ग, म. पंचमावर थोडं थांबले, घोटभर पाणी प्यायले. ध लागला. निषाद कसाबसा लागला, आणि तिथे मी थांबले. वरचा सा समोर होता आणि माझं तिथे जायचं धाडस होईना.

नवऱ्याने वाट पाहिली. टेप ऐकून ऐकून त्याला एवढं तरी कळलं होतं की गाणं इथे संपत नाही.

"वर अजून एक आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हटलं, आणि पुन्हा खालच्या 'सा'पासून सुरुवात केली.